लॅपटॉपच्या स्क्रीनवरचं कोटिंग उडतंय, उरलेलं कसं वाचवायचं?

अबोली_ठाणे

नमस्कार मंडळी, भाचीच्या लॅपटॉपचं एक विचारायचंय, आणि हा प्रकार बऱ्याच घरांत होत असणार म्हणून वेगळा धागाच काढतेय.

तिचा लॅपटॉप काचेच्या स्क्रीनचा आहे. स्क्रीन चालू असली की फारसं काही जाणवत नाही, पण बंद करून ट्यूबलाईटखाली तिरकी धरली की खालच्या अर्ध्या भागात फिकट चौकोन दिसतात, ओळीने, बरोबर कीबोर्डच्या बटणांच्या मापाचे. वरच्या बाजूला एक आडवी रेघ आहे, ती टचपॅडच्या कडेची. आणि कॅमेऱ्याच्या आजूबाजूला, जिथे अंगठा लावून ती झाकण उघडते, तिथे तर वेड्यावाकड्या कडांचा मोठा डाग आहे, कडा सोललेल्या वाटतात. आधी मळ वाटला. ओल्या कापडाने पुसला तर जात नाही, उलट पुसल्यावर कड अजून स्पष्ट दिसते. रिपेअरवाला म्हणाला कोटिंग गेलंय, आता काही होत नाही, स्क्रीन बदला, आणि आकडा असा सांगितला की त्यात एक साधा नवा लॅपटॉप येईल.

तिची परीक्षा तोंडावर आहे, एवढा खर्च आत्ता शक्य नाही. मला तीन गोष्टी हव्यात. जे कोटिंग उरलंय ते वाचवता येईल का, स्क्रीन पुसायची नेमकी कशाने, आणि माझ्या मुलाला आता नवीन लॅपटॉप घेतोय, तो मॅट स्क्रीनचा आहे, तर त्याची पहिल्या दिवसापासून काय काळजी घ्यायची. यूट्यूबवर दहा जण दहा गोष्टी सांगतात, म्हणून इथे विचारतेय.

साधा_तंत्रज्ञ

अबोलीताई, रिपेअरवाल्याने खरं तेच सांगितलंय. गेलेलं कोटिंग परत येत नाही. ते कारखान्यात व्हॅक्यूम चेंबरमध्ये काचेवर चढवतात, दुकानात बसून कोणी चढवू शकत नाही, तेव्हा कोणी नॅनो लिक्विड लावून पूर्ववत करून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका. उरलेलं मात्र वाचतं, आणि बऱ्यापैकी वाचतं.

आधी आपल्याकडे काय आहे ते ओळखायचं, कारण लोक दोन वेगळ्या गोष्टींना सरसकट अँटी-ग्लेअर म्हणतात आणि मग एकाचा उपाय दुसऱ्यावर करून स्क्रीन घालवतात. लॅपटॉप बंद करा, स्क्रीनमध्ये ट्यूबलाईटचं प्रतिबिंब बघा. ट्यूब स्पष्ट दिसते पण जांभळट किंवा हिरवट छटेची आणि मंद दिसते, तर वर अँटी-रिफ्लेक्टिव्ह कोटिंग आहे, काचेवर अतिशय पातळ थर. ट्यूबच्या जागी नुसता पसरट पांढरा उजेड दिसतो, कडा कळत नाहीत, तर ती मॅट स्क्रीन, खरी अँटी-ग्लेअर. तिथे बहुतेक वेळा वर काच नसतेच, सगळ्यात वरचा पोलरायझरच, म्हणजे चित्र दिसण्यासाठी उजेड गाळणारा पापुद्रा, प्लास्टिक फिल्मचा असतो आणि त्याचा पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत केलेला असतो. आणि ट्यूब लख्ख पांढरी, आरशात दिसावी तशी दिसते तर कोटिंग नाहीच किंवा निघून गेलंय. भाचीच्या स्क्रीनवर एकाच वेळी जांभळट भाग आणि लख्ख भाग शेजारी शेजारी दिसेल, बघा.

आता ते चौकोन कुठून आले. आजकालच्या बारीक लॅपटॉपमध्ये झाकण मिटलं की स्क्रीन आणि बटणं यांच्यात जागा अशी राहतच नाही. बोटांचं तेल, घाम, क्रीम, खाताखाता टाईप केलेलं असेल तर ते, सगळं बटणांवर बसतं आणि झाकण मिटलं की तसंच्या तसं स्क्रीनला लागतं, रात्रभर लागून राहतं, त्यात बॅगेत दाब आला की घासतं. मग आपण बटणांचे ठसे दिसतात म्हणून स्क्रीन जोर लावून पुसतो, आणि खरं नुकसान बहुतेक तेव्हाच होतं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो, स्क्रीन कमी पुसा, कीबोर्ड जास्त पुसा. रोज झाकण मिटण्याआधी बटणं आणि टचपॅड कोरड्या मायक्रोफायबरने, आठवड्यातून एकदा किंचित दमट कापडाने. कीबोर्ड स्वच्छ असेल तर स्क्रीनवर ठसेच येत नाहीत, मग पुसायची वेळही येत नाही.

पुसायचं कसं ते रात्री सविस्तर लिहितो, दुकानात गिऱ्हाईक आहे.

विनया_पुणे

खूपच उपयोगी. माझ्या स्क्रीनवर आत्ता ट्यूब धरून बघितली, जांभळट दिसते. म्हणजे कोटिंग शाबूत आहे असं समजायचं ना? रात्रीच्या प्रतिसादाची वाट बघते.

प्रकाशाचा_मास्तर

विनयाताई, हो, सगळीकडे सारखी छटा असेल तर शाबूत. ती छटा का दिसते ते सांगतो, कारण ते कळलं की हे कोटिंग इतकं नाजूक का आहे तेही कळतं.

साध्या काचेच्या एका पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड परत फिरतो. खिडकीसमोर बसल्यावर आपलाच चेहरा स्क्रीनमध्ये दिसतो तो या ४ टक्क्यांमुळे. काचेवर एक पारदर्शक थर दिला, ज्याची जाडी त्या थरातल्या उजेडाच्या तरंगलांबीच्या पाव एवढी आहे, तर थराच्या वरून फिरलेली लाट आणि खालून फिरलेली लाट एकमेकींना मारतात आणि परतणारा उजेड घटतो. मॅग्नेशियम फ्लोराईडचा थर असेल तर ५५० नॅनोमीटरच्या हिरव्या उजेडासाठी ही जाडी साधारण १०० नॅनोमीटर येते. मधला हिरवा सगळ्यात जास्त मारला जातो, दोन टोकांचे लाल आणि निळा थोडे उरतात, ते मिसळून जांभळट दिसतं. हल्ली सिलिका आणि टायटॅनियम डायऑक्साईडसारख्या ऑक्साईडचे एकाआड एक थर देतात, त्यामुळे काही स्क्रीनची छटा हिरवट किंवा निळसर असते. तत्त्व तेच.

हिशोब बघा, १०० नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहाहजारावा भाग. सगळे थर मिळूनही मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपासच खेळ चाललेला असतो. त्यामुळे थोडंसं झिजलं तरी जाडी बदलते, जाडी बदलली की रंग बदलतो, आणि आपल्याला डाग दिसतो. डाग म्हणजे वर काही चढलेलं नसून खालचं काही कमी झालेलं असतं, म्हणून अबोलीताईंना तो पुसून जाईना.

हा नाजूकपणा पहिल्यापासूनचा आहे. कॅथरीन ब्लॉजेट या शास्त्रज्ञ बाईंनी १९३८ साली जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत जवळजवळ अदृश्य वाटणारी काच करून दाखवली होती, काचेवर एकेका रेणूच्या जाडीचे ४४ थर चढवून. पण तो साबणासारख्या पदार्थाचा थर मऊ होता, हाताने पुसला तरी निघायचा. जर्मनीत स्माकुला या शास्त्रज्ञांनी झाइस या भिंगांच्या कंपनीसाठी १९३५ मध्येच निर्वात पोकळीत थर चढवायची पद्धत काढली होती, आणि कॅमेऱ्याच्या भिंगांपासून आजच्या स्क्रीनपर्यंत टिकली ती ती वाट. कडकपणा खूप वाढलाय, पण शेवटी थर तो थरच, घासाल तर जाणार.

सॅन_होजेचा_सदा

मास्तर, सुंदर समजावलंत. मी या क्षेत्राच्या आसपास काम करतो म्हणून यातला जाहीर इतिहास लिहितो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की आपल्याच हाताला जास्त घाम येतो म्हणून असं झालं.

ॲपलने २०१२ च्या जूनमध्ये रेटिना मॅकबुक प्रो आणला. आधीच्या मॉडेलमध्ये डिस्प्लेच्या पुढे वेगळी जाड काच असायची, ती काढून टाकली आणि रिफ्लेक्शन ७५ टक्के कमी केल्याचं सांगितलं, आणि ते खरंच डोळ्याला सुखाचं होतं. पुढच्या दोनतीन वर्षांत जगभरातून लोक कोटिंग सोलल्याचे फोटो टाकायला लागले, अगदी अबोलीताईंनी वर्णन केलंय तसेच, बटणांचे ठसे आणि कॅमेऱ्याजवळचा डाग. हजारो लोक एकत्र आले, या प्रकाराला स्टेनगेट नाव पडलं, आणि २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने अशा स्क्रीन फुकट बदलून द्यायला सुरुवात केली, नंतर ती मुदत खरेदीपासून ४ वर्षांपर्यंत नेली. आता त्या काळातल्या मशीनची मुदत संपलेली आहे. यातून घ्यायचं ते हे की आपला लॅपटॉप कुठल्याही कंपनीचा असो, वॉरंटीत असताना कोटिंग जायला लागलं तर लगेच फोटो काढून लेखी तक्रार करा, स्क्रीन चालू असतानाचा एक आणि बंद करून ट्यूबखालचा एक. एकट्याने गेलेल्याला तुमच्या वापराचा दोष असं ऐकवतात, पण लेखी तक्रारी साचल्या की कंपन्यांना हलावं लागतं.

अजून एक, २०२० मध्ये कॅमेऱ्यावर लावायच्या सरकत्या झाकण्यांबद्दल ॲपलने स्वतः सावध केलं होतं. झाकण मिटताना त्या झाकणीचा दाब काचेवर येऊन डिस्प्ले तडकतो, लावायचीच असेल तर ०.१ मिलिमीटरपेक्षा जाड नको असं त्यांनी म्हटलंय. म्हणजे स्क्रीन आणि खालची बॉडी यात किती जागा असते त्याचा अंदाज घ्या. त्या जागेत बिस्किटाचा कण, सुटलेलं स्टेपलर पिन असं काही अडकलं तर काय होईल.

साधा_तंत्रज्ञ

सदाभाऊंनी कॅमेऱ्याच्या झाकणीचं सांगितलं ते फार बरं केलं, तडकलेल्या स्क्रीन माझ्याकडे येतात त्यात हे कारण नेहमीचं आहे.

आता पुसण्याचं. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, आणि स्क्रीन थंड झालेली. बंद स्क्रीनवर धूळ दिसते हा एक फायदा. आधी धूळ उडवायची, कॅमेऱ्याच्या लेन्सचा रबरी फुगा मिळतो त्याने, तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचे थेंब उडतात. हा टप्पा गाळू नका. आपल्याकडच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात, क्वार्ट्झ, तो काचेपेक्षा कडक. तो कापडाखाली सापडला की तुम्ही कितीही मऊ कापड घ्या, ओरखडा येणारच.

मग स्वच्छ मायक्रोफायबर. एक कोपरा पाण्याने दमट करायचा, पिळल्यावर थेंब पडता कामा नये. पाणी डिस्टिल्ड घ्या, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला जे मिळतं तेच, नवीन बाटली उघडून. बोअरचं पाणी घेतलं तर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात आणि ते काढायला परत घासावं लागतं. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला हलक्या हाताने एकेक पट्टा, नंतर कोरड्या भागाने. दाब किती, तर कापडाचं वजन आणि बोटांचा आधार, बस्स. झाकणाला मागून दुसऱ्या हाताने आधार द्या म्हणजे पॅनलवर ताण येत नाही. पाणी किंवा काहीही थेट स्क्रीनवर फवारायचं नाही, ओघळ खालच्या पट्टीत जातो, तिथे आत पॅनलचं सर्किट असतं, मग कोटिंग राहिलं बाजूला, आडव्या उभ्या रेषाच येतात.

काय नको: काच पुसायचे निळे स्प्रे, फिनाईल, डेटॉल, नेलपॉलिश रिमूव्हर, टूथपेस्ट, लिंबू, व्हिनेगर, टिश्यू पेपर, वर्तमानपत्र. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असतं, ते मॅट स्क्रीनची वरची फिल्मच खातं, पांढुरका चट्टा पडतो आणि तो कायमचा.

हँड सॅनिटायझरबद्दल वेगळं सांगतो. करोनाच्या काळात लोकांनी स्क्रीन सर्रास सॅनिटायझरने पुसल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेल्या सॅनिटायझरमध्ये अल्कोहोलबरोबर १.४५ टक्के ग्लिसरॉल आणि ०.१२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साईड असतं. ग्लिसरॉल चिकट थर सोडतं, आणि हायड्रोजन पेरॉक्साईड असलेलं काही वापरू नका असं लॅपटॉप कंपन्या स्पष्ट लिहितात. बाजारातल्या जेलमध्ये तर अजून सुगंध आणि घट्ट करणारी द्रव्यं. हाताला सॅनिटायझर चोळून ओल्या हाताने टाईप करणं हाही तोच प्रकार, ते बटणांवरून स्क्रीनवर जातं.

विनया_पुणे

मग अल्कोहोल अजिबातच नको का? मेडिकलमध्ये इंजेक्शनच्या आधी लावायचे स्वॅब मिळतात त्यांनी सासरे त्यांचा लॅपटॉप पुसतात, डायबिटीसमुळे घरात डबाच असतो.

साधा_तंत्रज्ञ

ते स्वॅब ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे असतात, नुसतं अल्कोहोल आणि पाणी असेल तर काचेच्या स्क्रीनवर कधीतरी, अगदी न निघणाऱ्या तेलकट डागापुरतं चालतं, ॲपलही ७० टक्क्यांच्या वाईपने हलक्या हाताने पुसायला परवानगी देतं. थिंकपॅडच्या जुन्या मॅन्युअलमध्ये अर्धं अल्कोहोल अर्धं शुद्ध पाणी असं मिश्रण सांगितलेलं होतं. पण दोन अटी. पाण्याने निघत नसेल तरच, आणि जिथे कोटिंग आधीच सोलायला लागलंय तिथे अजिबात नाही, कारण सोललेल्या कडेखाली द्रव शिरतो आणि कड पुढे सरकते. सासऱ्यांना सांगा, स्वॅब कीबोर्डला वापरा, तिथे तो उत्तम काम करतो. वाळू द्या आणि मगच झाकण मिटा.

मांडवीकाठी

गोव्याहून. इथल्या दमटपणाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. पावसाळ्यात लॅपटॉप बॅगेत घालून ठेवला की दोन दिवसांत बॅगेला कुबट वास येतो, म्हणजे आत ओल आहे. त्या ओलीत बटणांवरचा घाम सुकतच नाही, तो स्क्रीनला चिकटून बसतो. माझ्या हाताला घाम खूप येतो, त्यामुळे मी हे नीट पाळते: काम संपल्यावर झाकण लगेच मिटत नाही, पंख्याखाली थोडा वेळ उघडा ठेवते, बटणं पुसते आणि मग मिटते. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवते, त्या अधूनमधून बदलते. आणि भर उन्हाळ्यात सनस्क्रीन लावून लगेच लॅपटॉपला हात लावायचा नाही. सनस्क्रीनचा तेलकट डाग साध्या घामापेक्षा कितीतरी हट्टी असतो, काढायला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की संपलं. केसांना तेल लावलेल्या दिवशीही तेच, हात साबणाने धुवूनच बसते.

घरातल्या लहान मुलांना स्क्रीनवर बोट लावून दाखवायची सवय असते, ते बघ ते बघ करत. माझ्या मुलीला मी पेन्सिलच्या मागच्या टोकाने, तेही लांबून, दाखवायला शिकवलंय.

कल्याण_फास्ट

मांडवीताई, एकदम पटलं. आमच्या बाजूचा मुद्दा दाबाचा आहे. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये सॅक पुढे छातीशी घेऊन उभं राहायचं, चारी बाजूंनी माणसं, सगळा दाब लॅपटॉपच्या झाकणावर. संध्याकाळी उघडला की बटणांची जाळी स्क्रीनवर उमटलेली. ऑफिसातल्या कित्येकांच्या स्क्रीनवर हेच आहे. काय केलं की फरक पडला ते सांगतो. सॅकमध्ये लॅपटॉपची पाठ, म्हणजे खालची बाजू, बाहेरच्या दिशेला आणि झाकण पाठीच्या गादीच्या बाजूला, म्हणजे गर्दीचा थेट दाब कडक बाजूवर येतो. चार्जरची वीट त्याच कप्प्यात कधीच नाही, डबा तर नाहीच. आणि नुसत्या मऊ स्लीव्हने धूळ आणि ओरखडे वाचतात, दाब वाचत नाही, त्यासाठी कडक पाठीचं कव्हर लागतं.

एक विचारायचं होतं, कीबोर्ड आणि स्क्रीनच्या मध्ये कापड ठेवून झाकण मिटलं तर चालेल का? नवीन लॅपटॉपबरोबर एक पातळ फोमसारखा कागद येतो तो मी ठेवायचो.

साधा_तंत्रज्ञ

नवीन लॅपटॉपबरोबर आलेली ती पातळ शीट प्रवासात ठेवलीत तर हरकत नाही, ती त्याच मापाची असते, पण तीही स्वच्छ हवी, तिच्यावर धूळ बसली की तीच घासणार. जाड मायक्रोफायबर किंवा रुमाल ठेवू नका, झाकण पूर्ण मिटत नाही, बिजागरीवर ताण येतो, आणि बॅगेत दाब आला की मधोमध काच तडकू शकते. सिलिकॉनचं कीबोर्ड कव्हर लावणाऱ्यांनाही हेच, टाईप करताना ठेवा, मिटताना काढा. त्या कव्हरखाली धूळ साचते आणि वर तेल बसतं, ते काढून धुवायचं कोणी लक्षात ठेवत नाही.

अबोली_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीला धागा वाचायला दिला, तिने ट्यूबखाली परत नीट बघितलं, मधला बराचसा भाग अजून जांभळट आहे, म्हणजे वाचवण्यासारखं पुष्कळ आहे. आता तिच्या मैत्रिणीने सल्ला दिलाय की माउथवॉश कापसावर घेऊन उरलेलं सगळं कोटिंग घासून काढून टाक, म्हणजे डाग दिसणार नाहीत, एकसारखी काच होईल. दुसरी म्हणते वरून टेम्पर्ड ग्लास लाव. करू का?

साधा_तंत्रज्ञ

आत्ता दोन्ही नको, कारण सांगतो.

माउथवॉशचा प्रकार खरा आहे, परदेशात पुष्कळ लोकांनी केलाय, काहींनी खाण्याच्या सोड्यानेही केलाय. सुटायला लागलेलं कोटिंग त्याने निघतं आणि खाली साधी काच राहते. पण जिथे ते घट्ट बसलंय तिथून निघता निघत नाही, मग लोक घासत बसतात, सोड्याचे कण काचेवर बारीक ओरखडे पाडतात, द्रव कडेच्या रबरातून आत जातो. आणि सगळं नीट जमलं तरी जे राहतं ती कोटिंग नसलेली काच, खिडकीसमोर बसलं की स्वतःचा चेहरा दिसणारी. ज्याचं कोटिंग सत्तर ऐंशी टक्के सोललंय, चालू स्क्रीनवरही डाग डोळ्यात येतात आणि वॉरंटी केव्हाच संपलीय, त्याने विचार करावा. भाचीला चालू स्क्रीनवर काही जाणवत नाही, तर हात लावायचा नाही. परीक्षा तोंडावर असताना तर मुळीच नाही. आणि जो कोणी हे वाचतोय त्याने मॅट स्क्रीनवर हे कधीही करू नये, तिथे काढण्यासारखा वेगळा थर नसतो, पोलरायझरच खराब होतो आणि चित्रच बिघडतं.

टेम्पर्ड ग्लास मोबाईलला ठीक. लॅपटॉपला मधली जागाच नाही, झाकण मिटलं की दाब थेट पॅनलवर. पातळ चिकट फिल्म लावली तर काढताना तिच्या गोंदाबरोबर सैल झालेलं कोटिंग पट्ट्यापट्ट्याने येतं. ते मी समोर होताना बघितलंय, एका मुलाने फिल्म एका कोपऱ्यातून ओढली आणि फिल्मच्या चिकट बाजूला जांभळट खपल्या, आणि काचेवर त्यांचीच रिकामी जागा. नवी कोरी स्क्रीन असेल, फिल्म काढायचीच नाही असं ठरवून लावली असेल, आणि झाकण आरामात मिटत असेल, तर गोष्ट वेगळी.

चष्मा_आणि_फ्रेम

माझं चष्म्याचं दुकान आहे, तंत्रज्ञ म्हणतात त्याला पूर्ण पाठिंबा. आमच्या अँटी-रिफ्लेक्शन काचांवरही हाच थर असतो आणि त्याचं सगळ्यात जास्त नुकसान उष्णतेने होतं. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा राहिला की प्लास्टिकची लेन्स फुगते, वरचा थर तेवढा फुगत नाही, आणि त्याला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. लॅपटॉपची काच प्लास्टिकएवढी फुगत नाही हे मान्य, पण मॅट स्क्रीनची फिल्म प्लास्टिकचीच आहे. त्यामुळे उन्हातल्या गाडीत लॅपटॉप ठेवू नका, बॅटरीसाठी तर नाहीच नाही.

चष्म्याबरोबर जे कापड देतो ते लॅपटॉपला उत्तम. फक्त ते कापड धुवा हो. साध्या साबणाने, वेगळं, आणि कम्फर्टसारखं फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्याचा थर कापडावर राहतो आणि पुसल्यावर स्क्रीन धुरकट दिसते. शर्टाच्या टोकाने, ओढणीने, जुन्या कॉटनच्या साडीच्या फडक्याने पुसायची सवय असते, फडकं मऊ असतं खरं पण त्यात दिवसभराची धूळ असते.

मॅट_स्क्रीनवाली

अबोलीताईंचा तिसरा प्रश्न राहिला, मुलाच्या मॅट स्क्रीनचा, तर मी दिवसभर मॅट स्क्रीनवरच काम करते. मॅटवर रंग बदलून डाग दिसत नाही, तिथे उलटं होतं, घासलेला भाग चमकायला लागतो. खरखरीतपणा झिजतो, म्हणजे तेवढ्या जागी परत रिफ्लेक्शन येतं. काही वेळा मात्र ती चमक झिजेची नसते, खाचांत तेल भरल्यामुळे असते, आणि दमट कापडाने दोनदा हलकं पुसून वाळलं की जाते. आधी ते करून बघायचं, लगेच स्क्रीन गेली म्हणून घाबरायचं नाही. माझ्या स्क्रीनवर बटणांच्या मधल्या पट्टीची एक आडवी चमक होती ती अशीच गेली.

दुसरं, मॅटवर गोल गोल घासून पुसायचं नाही, एका जागी जोर येतो. स्क्रीनच्या कडेला चिकटचिठ्ठ्या लावायच्या नाहीत, गोंद त्या खरखरीत पृष्ठभागात बसतो. नवीन मशीनवर दुकानदाराने किमतीचं किंवा ऑफरचं स्टिकर थेट स्क्रीनवर लावलं असेल तर घेतानाच त्याच्याकडून काढून घ्या, आणि दिव्याखाली तिरकं धरून बघूनच पैसे द्या.

सॅन_होजेचा_सदा

नवीन घेणाऱ्यांसाठी अजून एक भर. आता काही महागड्या मॉडेलमध्ये काचेलाच सूक्ष्म खरखरीतपणा दिलेला असतो, ॲपल त्याला नॅनो-टेक्स्चर म्हणतं, २०२४ च्या एम४ मॅकबुक प्रोमध्ये तो पर्याय आला. तिथे वेगळा थर सोलायची भीती कमी, पण पुसण्याचे नियम उलट जास्त कडक, कंपनीने दिलेलं कापडच वापरायला सांगतात आणि हट्टी डागासाठी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचं द्रावण, तेही त्या कापडावर घेऊन. उन्हात, खिडकीशी बसून काम करणाऱ्यांनीच घ्यावा असं माझं मत आहे, खोलीत बसून काम असेल तर त्यासाठी जास्तीचे पैसे घालायची गरज नाही.

विनया_पुणे

धागा वाचनखुणेत साठवलाय. शेवटचा प्रश्न, घरी मोठा मॉनिटर जोडलाय, त्याला पण हे सगळं लागू आहे का? त्याला तर कीबोर्ड लागतच नाही.

साधा_तंत्रज्ञ

बरोबर, म्हणूनच मॉनिटरचं कोटिंग लॅपटॉपपेक्षा कितीतरी जास्त टिकतं. तिथे फक्त धूळ आणि शिंकेचे थेंब. फुग्याने धूळ उडवा, थेंब दिसला तर दमट कापडाचा कोपरा त्यावर नुसता टेकवून धरा, विरघळू द्या, मग उचला. स्टँडवरचा मॉनिटर मागे झुकतो, पुसताना मागून हाताचा आधार द्या. उदबत्ती आणि फोडणीच्या धुराचा तेलकट थर बसतो तो कोरड्याने पसरतो, त्याला दमटच कापड लागतं. स्वयंपाकघराला लागून टेबल असेल तर मॉनिटरची जागा बदलता आली तर बघा.

अबोलीताई, भाचीची परीक्षा झाली की लॅपटॉपचे ट्यूबखालचे फोटो इथे टाका, डागाच्या कडा पुढे सरकल्यात का ते आत्ताच्या फोटोशी ताडून बघता येईल. आत्ताचे काढून ठेवा, तारखेसकट.

अबोली_ठाणे

काढते आजच. आणि कीबोर्ड पुसायचं कापड तिच्या टेबलाच्या खिळ्यालाच अडकवलंय.